सुटे भाग जोडून विद्युत गिटार : खान्देशातील कारागिराला वाव किती?

विद्युत गिटारचे सर्व सुटे भाग एका खोक्यात भरून विकण्याची पद्धत परदेशात जुनी आहे. आता ही खोकी कुरियरने जळगाव-धुळ्यापर्यंतही येतात. लाकडाचे कापलेले धड, पडदे ठोकलेली मान, खुंट्या, घोडी, पिकअप, स्विच, वायर, तारा आणि बारीक अक्षरांचा एक नकाशा असा हा संच असतो. घरी बसून जोडा आणि वाजवा, अशी त्याची जाहिरात असते. असे संच मागवायचे, जोडायचे, रंगवायचे आणि विकायचे, हा धंदा आपल्या भागात होईल काय, असे काही तरुण विचारतात. प्रश्न भांडवलाचा आहे, तेव्हा ऐकीव माहितीवर उत्तर देणे योग्य नव्हे. म्हणून आम्ही एक संच खोके उघडण्यापासून तारा चढेपर्यंत जोडला जाताना पाहिला.

हा संच मागवणारा जळगावचा एक तरुण व्यवसायाने टीव्ही दुरुस्त करणारा आहे. काचेच्या नळीचे टीव्ही होते तोवर त्याच्या वडिलांचे दुकान बरे चालत असे. सपाट पडद्याचे टीव्ही आले आणि दुरुस्तीऐवजी अख्खे बोर्ड बदलण्याचे दिवस आले. दुकानाचे भाडे मात्र थांबले नाही. पहिली गिटार नीट जमली तर एकदम दहा संच मागवायचे आणि त्यासाठी घरातला एक दागिना गहाण ठेवायचा, असा त्याचा विचार होता. जळगाव ही सोन्याची पेठ. येथे दागिना घडवायला वेळ लागतो, गहाण पडायला लागत नाही.

त्याचे मामू धुळ्याला सुतारकाम करतात. दारे, चौकटी आणि दिवाण हे त्यांचे रोजचे काम. लाकडाचा भाग त्यांच्याकडे आणि विजेचा भाग भाच्याकडे अशी वाटणी ठरली. एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने एस. टी.मधून खोके धुळ्याला गेले आणि काम सुरू झाले.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली वस्तू

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण तो या तरुणाच्या उपयोगाचा आहे. चुंबकाच्या पिकअपवर चालणारी, बाजारात विकली गेलेली पहिली गिटार १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत रिकेनबॅकर यांच्या कारखान्यात निघाली. मात्र विद्युत गिटार सुटे भाग जोडून तयार करता येईल अशी सोपी वस्तू बनवली ती लिओ फेंडर यांनी. हे गृहस्थ वादक नव्हते, त्यांना गिटार वाजवताच येत नसे. शिक्षण हिशेबनिसीचे. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. वादक मंडळी आपले ॲम्प्लिफायर आणि गिटारी दुरुस्तीला घेऊन येत. काय बिघडते, कुठे बिघडते, हे दुरुस्त करता करता फेंडर यांना उमजले आणि १९५० मध्ये त्यांनी स्वतःची भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे १९५१ मध्ये टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली.

त्यापूर्वी गिटारची मान धडात सरसाने कायमची चिकटवली जात असे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी आवळली. मान खराब झाली तर ती काढा आणि दुसरी लावा, हा दुरुस्ती करणाऱ्याचा विचार. आजचा संच शक्य झाला तो या चार स्क्रूंमुळे. १९६५ मध्ये फेंडर यांची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे आहे. क्वीन या प्रसिद्ध बँडचे वादक ब्रायन मे यांना विद्यार्थीदशेत चांगली गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच एक गिटार बनवायला घेतली. मान केली जुन्या शेगडीभोवतीच्या लाकडी चौकटीची, आणि तारा हलवणाऱ्या यंत्रणेला स्प्रिंग लावल्या जुन्या मोटारसायकलच्या. हीच गिटार घेऊन ते पुढे जगभर वाजवत फिरले. (याच बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले होते, हे जाता जाता.) भंगार बाजारातून मोटारीचे भाग शोधून काढणाऱ्या आपल्या मेकॅनिकांना यात नवल वाटणार नाही.

मामूंचे काम

धुळ्यात खोके उघडल्यावर मामूंनी पहिली गोष्ट केली ती अशी की, काहीही चिकटवले नाही, काहीही रंगवले नाही. आधी सर्व भाग कोरडेच जोडून पाहिले. मान धडाच्या खाचेत बसवली आणि तिच्या वरच्या टोकापासून घोडीच्या मध्यापर्यंत सुतारी दोरा ताणला. दोरा पट्टीच्या बरोबर मध्यावरून जात नव्हता, एका बाजूला दीड-दोन मिलिमीटर सरकत होता. नवशिका येथेच फसतो. रंग झाल्यावर हे कळले तर पहिली तार पट्टीच्या काठावरून घसरते आणि मग इलाज राहत नाही. मामूंनी खाचेची एक बाजू पटाशीने हळूहळू तासली, मान पुन्हा बसवली, पुन्हा दोरा ताणला. तीन वेळा. “दरवाजा चौकटीत बसवतो तसंच आहे हे,” असे ते म्हणाले.

घोडीची जागा ठरवण्याचा नियम सोपा आहे. वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत असले पाहिजे. फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. तेव्हा बारावा पडदा ३२४ मिलिमीटरवर येतो. तार निम्मी झाली की स्वर बरोबर दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकाचा होतो. बाकीचे पडदेही हिशेबाने येतात. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे आणि तेवढे पुढे सरकायचे. पहिला पडदा ३६ मिलिमीटरच्या किंचित पुढे पडतो. संचात पडदे ठोकलेलेच येतात, तरी मामूंनी टेप लावून चार-पाच ठिकाणी मोजून पाहिले. दुसऱ्याचे माप न तपासता ते करवत चालवत नाहीत.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडणे आणि स्क्रूला साबण लावणे हे सुताराला शिकवावे लागत नाही. मेपलसारख्या कठीण लाकडात कोरडा स्क्रू पिळला तर त्याचे डोके तुटून आत राहते. संचाबरोबरच्या नकाशात याचा उल्लेखही नव्हता.

पॉलिशचा मात्र वाद झाला. भाच्याला गाडीसारखा चकचकीत लाल रंग हवा होता. मामूंचे म्हणणे होते की लाकडाच्या रेषा चांगल्या आहेत, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हातपॉलिश करावे. अखेर मामूंचे चालले. १५० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ३२०, नेहमी रेषेच्या दिशेने, आणि मग लाखेचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळायला वेळ. मानेच्या खाचेत पॉलिशचा थेंबही जाऊ दिला नाही, कारण तेथे लाकडाला लाकूड भिडायला हवे. आमच्या मते नवशिक्याने लाखच वापरावी. चूक झाली तर स्पिरिटने पुसता येते. स्प्रे गनचा रंग चुकला तर सगळे खरवडावे लागते, आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत लॅकर मारले तर ते पांढरट पडते, हे फर्निचरवाल्यांना ठाऊक आहे.

भाच्याचे काम

पॉलिश वाळल्यावर धड जळगावला आले. पिकअप म्हणजे काय, हे मोटर बांधणाऱ्याला एका वाक्यात कळेल. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, वर पोलादाची तार थरथरली की वेटोळ्यात बारीकसा विद्युत प्रवाह निर्माण होतो. मात्र ही वायर सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसासारखी, आणि वेटोळे सात-आठ हजार. पंख्याची वायर याच्यापुढे दोरखंड म्हणावी.

तीन पिकअपपैकी एक मुका निघाला. मल्टीमीटरवर पाच ते आठ किलोओहमच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवे होते, काटा हललाच नाही. नवशिका येथे संच परत पाठवतो किंवा कपाळाला हात लावतो. या तरुणाने भिंग घेऊन पाहिले. बारीक वायर जेथे जाड वायरीला जोडलेली असते तेथे, अगदी बाहेरच्या टोकाला, ती तुटली होती. एक वेटोळे सोडवून, मुलामा हलक्या हाताने खरवडून त्याने टाका दिला आणि पिकअप बोलू लागला. वीस वर्षे टीव्हीच्या बोर्डावर झिजलेली नजर कामाला आली.

बाकीची जोडणी त्याने तासाभरात केली. पिकअपमधून स्विच, स्विचमधून आवाजाचा कंट्रोल, तेथून बाहेरची पिन. एकेरी पिकअपला २५० किलोओहमचे कंट्रोल आणि दुहेरीला बहुधा ५०० चे वापरतात. कंट्रोलच्या पत्र्याच्या पाठीवर टाका द्यायचा तर बारीक कामाची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. पत्रा तापत नाही आणि टाका कोरडा राहतो. ४० किंवा ६० वॅटची घ्यावी. आतल्या पोकळीला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की ५० सायकलची घूं घूं बरीच कमी होते.

येथे एक इशारा देतो. गिटारच्या तारा आतून अर्थशी, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. गिटार स्वतः कोणाला शॉक देत नाही, तिच्यातील वीज अगदीच क्षीण असते. पण ॲम्प्लिफायर सदोष असेल आणि घरात अर्थिंग नसेल तर तो करंट तारांतून थेट वाजवणाऱ्याच्या हातात येऊ शकतो. आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याची जी खोड आहे ती जीवघेणी आहे. मांडवात जनरेटरवर वाजवणाऱ्या मंडळींनी तर हे लक्षात ठेवावेच.

खरी अडचण यानंतर आली. सर्व जोडले, तारा चढवल्या, आवाजही आला, पण गिटार बेसूर. काही पडद्यांवर तार झणझणते, काहींवर उमटतच नाही. संच पूर्ण झाला, असे नकाशा येथे म्हणतो. वाद्य तयार व्हायला अजून निम्मे काम बाकी होते.

पडदे सगळे एका पातळीत नव्हते. पोलादी पट्टीचा छोटा तुकडा एका वेळी तीन पडद्यांवर ठेवायचा. तो डुगडुगला तर मधला पडदा उंच आहे. असे सात पडदे निघाले. त्यांच्या डोक्यावर मार्करने शाई लावून, सपाट ठोकळ्यावर बारीक पेपर चिकटवून ते घासले आणि मग कानशीने पुन्हा गोल केले. नटच्या खाचा फार वर होत्या, त्या थोड्या थोड्या खोल केल्या. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. ॲलन कीने ती आवळली की मान सरळ होते, सैल केली की तारांच्या ओढीने किंचित वाकते. एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवू नये. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून मधे पाहिले तर तार आणि पडदा यांत पाव मिलिमीटरची फट दिसावी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर. शेवटी घोडीवरचे सहा ठोकळे पुढेमागे करून स्वर जुळवले. जाड तार दाबली की स्वर जास्त चढतो, म्हणून तिचा ठोकळा थोडा मागे घ्यावा लागतो.

या कामाला तीन संध्याकाळ गेल्या, आणि यातच गिटारची किंमत ठरली. आधी ती खेळणे होती.

खान्देशचे ऊन

बाहेरून येणाऱ्या वाद्याला आपल्या हवेची सवय नसते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. लाकूड आटते, पडद्यांची धातूची टोके मात्र आटत नाहीत. ती पट्टीच्या काठातून बाहेर डोकावतात आणि हाताला कानशीसारखी लागतात. जुलैत पाऊस पडला की लाकूड फुगते, मान हलते, तारा उंच होतात. म्हणजे येथील गिटारला वर्षातून दोनदा तरी हात लावावा लागतो. वाजवणाऱ्याला हा त्रास वाटतो, कारागिराच्या दृष्टीने ते नेमाने येणारे काम आहे.

दहा संचांचा हिशेब

आता धंद्याकडे वळू. समजा, संच १२ हजारांना पडला. पॉलिश, पेपर, चांगल्या तारा आणि किरकोळ सामान अडीच हजार. मामू-भाच्याचे मिळून ४० तास धरले आणि तासाला १०० रुपये मजुरी लावली तर चार हजार. एकूण साडेअठरा हजार. यात दुकानाचे भाडे नाही, नफा नाही. तेवढ्या पैशांत गिऱ्हाइकाला नावाजलेल्या कंपनीची तयार गिटार, हमीपत्रासह, मिळू शकते. मग त्याने बिननावाची का घ्यावी? संचाची गिटार पुन्हा विकायला गेले तर तिला भावही येत नाही.

त्यावर उपाय म्हणून कोणी मोठ्या कंपनीच्या नावाचा स्टिकर लावण्याचा सल्ला देईल. तो ऐकू नये. असे नाव लावणे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे, आणि धंद्यातील इमानदारीच्याही विरुद्ध आहे.

परदेशातून माल मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोक्यात सुटे भाग आहेत म्हणून सुट्या भागांचाच कर लागेल, असा समज चुकीचा आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणाच्या नियमांतील नियम २ (अ) प्रमाणे पूर्ण वस्तू सुट्या स्वरूपात आली तरी ती पूर्ण वस्तूच धरली जाते. विद्युत गिटारचे शीर्षक ९२०७, सुट्या भागांचे ९२०९. दर बदलत असतात, तेव्हा मागणी नोंदवण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

म्हणून दहा संच मागवण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत, आणि तसे त्या तरुणाला स्पष्ट सांगितले. एक संच मात्र वाया गेला असे आम्ही मानत नाही. ती त्याच्या शिक्षणाची फी होती. पडदे घासणे, नट कापणे, पिकअपची तुटलेली वायर शोधणे, स्वर जुळवणे हे तो आता स्वतःच्या वस्तूवर शिकला आहे. दुसऱ्याच्या गिटारवर हात साफ करण्यापेक्षा हे परवडले. आणि हे काम केवळ गिटारपुरते नाही. ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो बुलबुल तरंग मूळचा जपानचा. १९१२ मध्ये नागोया शहरात निघालेल्या वाद्याचा हा हिंदुस्थानी अवतार. विजेवर चालणाऱ्या बेंजोत तारांखाली हेच चुंबक आणि हेच वेटोळे असते, आणि खराब होण्याची ठिकाणेही तीच.

मिरजेचे कारागीर

दुरुस्तीतून वाद्यनिर्मितीकडे जाण्याचा मार्ग आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम बसले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातील फरीदसाहेब यांनी वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि त्यातून सतारी व तंबोरे बनू लागले, असे तेथे सांगितले जाते. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले आणि या कारागिरांच्या कानाला मोठी शाळा मिळाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेच्या तंबोऱ्याची किंमत भोपळ्यात नाही, लाकडात नाही. ती घोडीवर काढलेल्या जवारीत आहे, आणि जवारी खोक्यात भरून पाठवता येत नाही. गिटारीच्या पडद्यांची आणि नटची घासणी हे त्याच जातीचे काम आहे. शिवणीचे हलके, न वाकणारे लाकूड वाद्यांना पूर्वीपासून वापरले जाते. मामूंच्या मनात त्याचे एक धड स्वतः कापून पाहायचे आहे. पंचेचाळीस मिलिमीटर जाडीची फळी त्यांनी वखारीतून आणून सावलीत वाळत ठेवली आहे. घाई नाही, असे ते म्हणतात. ज्यांना अवजारे घ्यायची आहेत त्यांच्या माहितीसाठी : २०२३ पासूनच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

जळगावच्या दुकानात टीव्हीच्या पाटीखाली आता दुसरी छोटी पाटी लागली आहे : गिटार, बेंजो, कॅसिओ दुरुस्ती. दागिना घरातच आहे. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टेबलावर तीन गिटारी होत्या. दोघींच्या तारा फक्त उंच होत्या. तिसरी एका महाविद्यालयीन मुलीची, उन्हाने पडद्यांची टोके बाहेर आलेली. तिच्या कामाचे त्याने ४०० रुपये सांगितले होते. तिचे वडील ३०० वर अडून बसले होते.